अंगकाठी आणि मैदानातली जागा

कामगारांच्या सभा घेत हिंडणाऱ्या माणसाने कबड्डीवर बोलावे, याचे तुमच्यापैकी काहींना नवल वाटले असेल. पण या विषयाशी आमचा संबंध जुना आहे. कापसाच्या बाजारात, जिनिंगमध्ये आणि धान्याच्या आडतीवर हमालांमध्ये वावरताना एक प्रश्न आम्हाला नेहमी पडत आला. माणसाला काम द्यायचे ते केवळ त्याच्या अंगाकडे पाहून द्यावे काय? मुकादम नव्या पोराला एकदा खालीवर न्याहाळतो आणि सांगून टाकतो, "हा थप्पीवर चढेल, तो पाठीवर घेईल." एकदा शिक्का बसला की तो जन्मभर सुटत नाही. संध्याकाळी त्याच पोरांची कबड्डी पाहायला जावे, तर तिथेही हाच न्याय! "पोट्टा जाड आहे, मध्ये उभा कर. बारका आहे, चढाईला धाड." या न्यायात खरे किती आणि आळस किती, एवढेच आज तपासून पाहू.

आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि शाळेबाहेर जास्त झाले. तेव्हा जे सांगू ते वाचून, विचारून आणि मैदानाच्या कडेला उभे राहून जमवलेले आहे, हे आधीच कबूल करतो.

खेळ आपल्या घरचा आहे. आपण त्याला हुतुतू म्हणत होतो. 1936 साली बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी शेजारच्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने तिथे देशी खेळांची प्रात्यक्षिके केली, त्यांत हाही होता. 1990 साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत त्याला पदकाचा मान मिळाला. पण खेळ मोठा झाला म्हणून त्याचे गणित बदलले नाही. ते गणित मैदानाच्या मापांतच आहे.

पुरुषांचे मैदान 13 मीटर लांब आणि 10 मीटर रुंद असते. म्हणजे प्रत्येक बाजूच्या सात गड्यांच्या वाट्याला साडेसहा मीटरची खोली येते. मध्यरेषेपासून 3.75 मीटरवर निदान रेषा आणि तिच्यापुढे एक मीटरवर बोनस रेषा. दोन्ही कडांना एकेक मीटरचे राखीव क्षेत्र. झटापट सुरू होईपर्यंत ते बंद. चढाई करणाऱ्याला तीस सेकंदांत एका दमात आत जाऊन, कोणाला तरी शिवून किंवा निदान रेषा ओलांडून परत यायचे असते. एवढ्याशा जागेत सरळ धावायला वाव नाही. वळणे, थांबणे, पुन्हा सुटणे आणि पकडीत सापडल्यावर ओढून नेणे, हीच इथली कामे.

आता अंगाचा हिशेब मांडू. समजा दोन गडी एकाच घडणीचे आहेत, पण एक दुसऱ्याहून सर्व बाजूंनी दहा टक्क्यांनी मोठा आहे. स्नायूची ताकद त्याच्या जाडीवर, म्हणजे आडव्या छेदावर अवलंबून असते. ती सुमारे 21 टक्क्यांनी वाढेल. वजन मात्र लांबी, रुंदी आणि जाडी या तिन्हींवर अवलंबून. ते 33 टक्क्यांनी वाढेल. म्हणजे मोठ्या गड्याची एकूण ताकद जास्त, पण स्वतःच्या वजनाच्या मानाने ती कमी. म्हणून लहान चणीचा गडी पटकन वळतो, पटकन थांबतो, उडी मारून निसटतो. मोठ्याला स्वतःचेच ओझे आधी वळवावे लागते. क्विंटलभर पोते पाठीवर घेऊन एकदम मागे वळून पाहा असे कोणा हमालाला सांगा, म्हणजे हा नियम पुस्तकाशिवाय कळेल!

परंतु वजनाचा गुणही आहे. अंगावर येणाऱ्या माणसाचा रेटा म्हणजे त्याचे वजन गुणिले त्याचा वेग. 80 किलोच्या गड्याचा जो रेटा असतो तो 60 किलोच्या गड्याला आणायचा असेल, तर त्याने एकतृतीयांशाने अधिक वेगात आले पाहिजे. आणि चार पावलांच्या जागेत तेवढा वेग मिळत नाही. म्हणून रेट्याचे काम असेल तिथे वजनदार गडी उपयोगी पडतो.

या दोन गोष्टी ध्यानात ठेवल्या म्हणजे सात जागांचा अर्थ उलगडतो. दोन्ही टोकांना कोपरारक्षक असतात. चढाईचा गडी पाय लांबवून बोनस घ्यायला किंवा शिवायला जातो तो बहुधा यांच्याच बाजूने. तेव्हा कोपऱ्याचे काम खाली झुकून घोटा किंवा मांडी पकडण्याचे. इथे मनगट, बोटांची पकड, वाकून राहण्याची तयारी आणि सर्वांत महत्त्वाची म्हणजे वेळ साधण्याची नजर हवी. क्षणभर आधी झेप घेतली तर गडी सुटतो. क्षणभर उशीर झाला तर आपणच बाद. आतल्या बाजूला मध्यरक्षक. त्यांनी परतीची वाट अडवायची, छातीने रोखायचे, कधी धडक देऊन गड्याला मैदानाबाहेर लोटायचे. इथे वजन आणि खांदा कामाला येतो. कोपरा आणि मध्य यांना हाताने जोडणारा गडी साखळीतला दुवा. त्याला शेजाऱ्याच्या हालचालीचा अंदाज हवा. चढाईला वळणारे अंग हवे आणि लांब हातपायही हवेत, कारण वीतभर लांब हात म्हणजे वीतभर कमी धोका.

इथवर मुकादमाचा न्याय बरोबर वाटतो. आता त्याची दुसरी बाजू पाहा. 2016 साली अहमदाबादला भारताने इराणला 38-29 असे हरवून विश्वचषक जिंकला. त्या संघातले तीन चढाईपटू पाहा, तिघे तीन तऱ्हांचे. कप्तान अनुप कुमार धावपळीपेक्षा डोके आणि पदन्यास यांवर बोनस मिळवणारा. अजय ठाकूर उंच. तो पाय आणि उडी यांचा उपयोग करी. प्रदीप नरवाल पकडणाऱ्यांच्या हातांखालून बुडी मारून निसटणारा. चढाईचे काम एक, पण तिघांची हत्यारे वेगळी, आणि प्रत्येकाचे हत्यार त्याच्या अंगाला साजेसे. कोपऱ्याचेही तसेच. इराणचा फजल अत्राचली किंवा आपल्या महाराष्ट्राचा गिरीश एर्नाक हे डाव्या कोपऱ्याचे नामांकित गडी चांगले भरदार. म्हणजे कोपऱ्याला बारकाच हवा, हेही खरे नाही. भरदार गडी खाली झुकायला शिकला, तर त्याने पकडलेला पाय सुटणे कठीण!

दूर अमेरिकेतही हाच वाद चालतो. तिथल्या फुटबॉलमध्ये चेंडू फेकणाऱ्यावर चाल करून जाणारे गडी असतात. हलके आणि चपळ असतील त्यांना रांगेच्या टोकाला लावतात, थोराड असतील त्यांना मध्ये. अ‍ॅरन डॉनल्ड हा पिट्सबर्ग विद्यापीठाचा गडी मध्ये खेळे. त्या जागेच्या मानाने तो ठेंगणा आणि हलका ठरवला गेला होता. पण ठेंगणा असल्यामुळेच तो समोरच्याच्या खांद्याखाली शिरे. पुढे व्यावसायिक खेळात 2017, 2018 आणि 2020 असे तीन वेळा तो बचावाचा सर्वोत्तम गडी ठरला. ज्याला उणीव म्हटले तेच त्याचे भांडवल निघाले.

तात्पर्य असे की अंग हे माणसाचे भांडवल आहे; तो त्याचा निकाल नव्हे.

हे एवढ्या आग्रहाने सांगण्याला कारण आहे. पोरे वाढतात ती एका चालीने वाढत नाहीत. कोणाला चौदाव्या वर्षीच मिसरूड फुटते, तर कोणी सतराव्या वर्षी एकदम उंच होतो. चौदाव्या वर्षी जो संघात सर्वांत थोराड म्हणून मध्ये उभा राहिला आणि दुसरे काहीच शिकला नाही, त्याला अठराव्या वर्षी बाकीचे गाठतात, आणि मग त्याच्याजवळ ना वजनाची आघाडी, ना पायाचे कसब. जो बारका म्हणून कडेला बसवला, तो उंच होईपर्यंत मैदानच सोडून गेलेला असतो. म्हणून सोळा वर्षांपर्यंत प्रत्येक मुलाला आणि मुलीला सर्व जागांवर आळीपाळीने खेळवावे. जागा ठरवण्याची घाई कशाला?

दुसरी गोष्ट वजनकाट्याची. कबड्डीत वजनाची मर्यादा असते; वरिष्ठ पुरुषांना 85 किलो, महिलांना 75, लहान गटांना त्याहून कमी. नियम चांगला आहे. त्याने दांडगाईला आळा बसतो. पण काट्यात बसवण्यासाठी काय केले जाते ते आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. काही वर्षांपूर्वी एका स्पर्धेच्या सकाळी आमच्या एका हमालाचा मुलगा वजनात दीड किलो जास्त भरत होता. आदल्या दुपारपासून त्याला पाणी दिले नव्हते. अंगात दोन स्वेटर घालून उन्हात पळवला. काट्यावर तो उतरला, आणि पहिल्याच चढाईत मध्यरेषेजवळ भोवळ येऊन पडला. दवाखान्यात सलाइन लागले म्हणून वाचला. बापाने आम्हाला विचारले, "भाऊ, आमच्या पाठीवरचं ओझं कमी करा म्हणून तुम्ही भांडता, मग पोराच्या पोटातलं पाणी कोणी काढलं?" आमच्याजवळ उत्तर नव्हते, कारण त्या स्पर्धेच्या मांडवात पाहुणे म्हणून आम्हीही बसलो होतो.

वर्ध्याचा उन्हाळा आपल्याला माहीत आहे. अशा उन्हात अंगातले पाणी तोडणे म्हणजे उष्माघाताला आमंत्रण. शिवाय शरीराच्या वजनाच्या दोन टक्के पाणी कमी झाले तरी दम आणि नजर दोन्ही खालावू लागतात. म्हणजे ज्या जिंकण्यासाठी हा खटाटोप, तेच हातचे जाते. तेव्हापासून आमच्या कामगार वस्तीतल्या मंडळांना आम्ही एकच सांगतो: वजन महिनाभर आधी करा. जास्त भरले तर मुलाला वरच्या गटात खेळवा. हरला तर हरू द्या.

महाराष्ट्रात शासकीय नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. हमालाच्या, शेतमजुराच्या घरात या वाटेने पगार येऊ शकतो, म्हणून आईबाप घाई करतात. त्यांना दोष देववत नाही. पण ती वाट लांबची आहे, आणि तिच्यावर पोर धडधाकट पोचले पाहिजे. 1969 साली माथाडी कायदा झाला तो ओझे वाहणाऱ्याचे माणूसपण मान्य करण्यासाठी. तोच न्याय मैदानात लागू करावा, एवढेच आमचे मागणे आहे. पोराला जागा देण्यापूर्वी त्याचे अंग जरूर पाहा. पण त्याला काय शिकावेसे वाटते, हे एकदा त्याच्या तोंडून ऐका.