वस्तुचित्राच्या टेबलावरून प्रभाकर बरव्यांपर्यंत

नांदेड-लातूरकडे एलिमेंटरी-इंटरमिजिएट चित्रकला परीक्षांना बसणाऱ्या मुलांना वस्तुचित्राचे नियम तोंडपाठ असतात. उजेड डावीकडून, तर सावली उजवीकडे. लांबची वस्तू लहान. सगळं टेबलावर नीट टेकलेलं. अतिवास्तववादी चित्र समजून घ्यायला एवढी तयारी पुरते.

त्याची पहिली रीत म्हणजे वस्तू हुबेहूब काढायची आणि नियम एकच मोडायचा. रेने माग्रितने १९५२ साली एक हिरवं सफरचंद काढलं, ते अख्ख्या खोलीत ठासून भरलेलं. सफरचंद ओबडधोबड असतं तर आपण चुकलं म्हणून सोडून दिलं असतं. ते खरं दिसतं, खोलीही खरी दिसते, म्हणून डोळा अडतो.

दुसरी रीत हाताला मोकळं सोडण्याची. आंद्रे ब्रेतोंने १९२४ च्या पॅरिसच्या अतिवास्तववादी जाहीरनाम्यात विवेकाचा पहारा उठवायला सांगितलं. पुढच्याच वर्षी माक्स अर्न्स्टने लाकडी फळ्यांवर कागद ठेवून पेन्सिल घासली आणि उमटलेल्या रेषांत अरण्यं, पक्षी शोधले. दुसऱ्या महायुद्धात या अतिवास्तववाद्यांतले अनेकजण न्यूयॉर्कला गेले. जमिनीवरच्या कॅनव्हासवर रंग ओघळवणाऱ्या जॅक्सन पोलॉकच्या पाठीशी ही रीतही आहे.

आपल्याकडे चित्रकार प्रभाकर बरव्यांनी (१९३६–१९९५) वस्तूची वाट धरली. अलिबागजवळच्या नागावचा जन्म, मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतलं शिक्षण, मग विणकर सेवा केंद्रातली नोकरी. बनारसच्या मुक्कामानंतर त्यांच्या चित्रांत तांत्रिक प्रतीकं आली. पुढे घड्याळ, पान, शंख अशा साध्या वस्तू राहिल्या, त्याही बऱ्याचदा इनॅमल रंगात.

त्यांच्या चित्रासमोर घाई करू नये. आधी टेबल शोधा. बहुधा सापडत नाही. टेबलाची कड गेली की वस्तू जवळ आहे की दूर, उभी आहे की तरंगते, हे ठरत नाही. मग बाह्यरेषेवर नजर फिरवा. कुठे आकार भरलेला, कुठे नुसती रेषा, आणि रिकाम्या जागेलाही वस्तूइतकंच वजन. अतिवास्तववादी चित्रकार दालींच्या चित्रातला नाट्यमय स्वप्नभास इथे नाही. माग्रित एका नजरेत चकित करतो. बरवे पाहणाऱ्याला थांबवून ठेवतात, आणि मला ते जास्त अवघड काम वाटतं.

त्यांचं ‘कोरा कॅनव्हास’ हे मराठी पुस्तक कलाशिक्षकांनी वर्गात वाचून दाखवावं. मग मुलांना वस्तुचित्रातला नेहमीचाच तांब्या आणि तेच फळ द्यावं, पण टेबल न काढता.