रक्तपुरवठा घटलेल्या हृदयावर लय-नियामक औषधाचा परिणाम : फ्लेकेनाईडच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

हृदयविकाराच्या झटक्यातून बचावलेल्या रुग्णांना पुढील काळातही आकस्मिक मृत्यूचा धोका असतो. अशा रुग्णांच्या ईसीजी आलेखात निलयांतून वेळेआधी उमटणारी जादा स्पंदने वारंवार आढळतात. ही स्पंदने जितकी अधिक, तितके मृत्यूचे प्रमाण अधिक, असे निरीक्षण १९८० च्या दशकापर्यंत सर्वमान्य झाले होते. त्यावरून ही स्पंदने औषधाने दाबली की मृत्यूही टळेल, असा निष्कर्ष काढला गेला. तो वरकरणी तर्कशुद्ध होता. तथापि, प्रत्यक्ष चाचणीत तो चुकीचा ठरला. तो का चुकला, हे फ्लेकेनाईड या औषधाच्या आधारे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

औषधाची क्रिया

विश्रांत अवस्थेत निलयाच्या स्नायुपेशीच्या आतील बाजूचा विद्युत्‌भार बाहेरच्या तुलनेत सुमारे उणे ९० मिलिव्होल्ट असतो. उद्दीपन होताच पेशीपटलावरील सोडियमच्या वाहिन्या उघडतात, सोडियमचे आयन वेगाने आत शिरतात आणि विद्युत्‌लहर शेजारच्या पेशीकडे सरकते. या लहरीचा वेग मुख्यत्वे सोडियमच्या प्रवाहावर अवलंबून असतो. फ्लेकेनाईड नेमक्या याच वाहिन्या रोधते. व्हॉन विल्यम्स यांच्या वर्गीकरणात ते 'एक-सी' या उपगटात मोडते. या उपगटातील औषधे वाहिनीला चिकटली की सावकाश सुटतात. त्यामुळे एका ठोक्याचा परिणाम ओसरण्यापूर्वीच दुसरा ठोका पडतो आणि नाडी जितकी जलद, तितका रोध वाढत जातो. निरोगी स्नायूत यामुळे लहर मंदावते. परंतु ती सर्वत्र जवळजवळ सारखीच मंदावते आणि जादा स्पंदने कमी होतात.

रक्तन्यूनतेत घडणारे बदल

हृद्‌रोहिणीतून होणारा रक्तपुरवठा घटल्यास पेशीतील ऊर्जानिर्मिती मंदावते, आम्लता वाढते आणि पोटॅशियम पेशीबाहेर साचू लागते. परिणामी पेशीचा विश्रांत विद्युत्‌भार शून्याच्या दिशेने सरकतो व सोडियमच्या अनेक वाहिन्या आधीच निष्क्रिय होतात. म्हणजेच तेथील लहर औषधाविनाही मंद झालेली असते. हे बदल हृदयाच्या सर्व भागांत सारखे नसतात. निरोगी, अर्धपोषित आणि मृत ऊती एकमेकींना लागून असतात.

अशा हृदयात फ्लेकेनाईड पोहोचले की निरोगी भागातील लहर थोडी मंदावते. रक्तन्यून भागात मात्र ती अतिशय मंद होते किंवा एका दिशेने पूर्णपणे अडते. अडलेला भाग वळसा घालून ओलांडणारी लहर परत येईपर्यंत मूळची पेशी पुन्हा उद्दीपनक्षम झालेली असते. तेव्हा लहर त्याच मार्गात फिरत राहते. या क्रियेस पुनःप्रवेश म्हणतात. यातून निलयांचे अतिजलद स्पंदन व पुढे निष्फळ थरथर उद्‌भवू शकते. अशी थरथर तत्काळ थांबवली नाही तर मृत्यू ओढवतो. वेदना वा श्रमाने नाडी वाढली की औषधाचा रोधही वाढतो, म्हणजे नेमक्या संकटाच्या क्षणी औषध अधिक घातक ठरते. याशिवाय ते हृदयाची आकुंचनशक्तीही कमी करते.

कास्ट चाचणीचे निष्कर्ष

अमेरिकेत १९८७ साली सुरू झालेल्या 'कास्ट' या चाचणीत झटका येऊन गेलेले, जादा स्पंदने असलेले परंतु त्यांचा फारसा त्रास नसलेले रुग्ण घेतले गेले. प्रथम प्रत्येकास औषध देऊन पाहण्यात आले. ज्यांची स्पंदने दबली, त्यांचीच पुढे औषध आणि औषधविरहित गोळी अशा दोन गटांत यादृच्छिक विभागणी झाली. एनकेनाईड व फ्लेकेनाईड यांचा भाग १९८९ साली मुदतीपूर्वीच थांबवावा लागला. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, सरासरी १० महिन्यांच्या काळात औषध घेणाऱ्या ७५५ रुग्णांपैकी ६३, तर औषधविरहित गोळी घेणाऱ्या ७४३ पैकी २६ रुग्ण दगावले. त्यांपैकी लयबिघाडाने झालेले मृत्यू अनुक्रमे ४३ व १६ होते.

येथे एक बाब लक्षणीय आहे. हे सर्व रुग्ण औषधास 'उत्तम प्रतिसाद' देणारे होते. त्यांचा आलेख सुधारला होता. आयुष्य मात्र घटले होते. लयबिघाडाखेरीज इतर हृद्‌कारणांनी झालेले मृत्यूही औषधाच्या गटात १७ व दुसऱ्या गटात ५ होते. औषध आणि नव्याने उद्‌भवणारी रक्तन्यूनता यांच्या परस्परक्रियेकडे ही आकडेवारी निर्देश करते.

विवेचन

जादा स्पंदने ही इजा झालेल्या स्नायूची खूण होती. मृत्यूचे कारण ती असतीलच असे नव्हते. याउलट, बीटा-रोधक औषधे ही स्पंदने तितक्या प्रभावीपणे दाबत नाहीत. तरीही झटक्यानंतर ती मृत्यूचे प्रमाण घटवतात, हे १९८१ व १९८२ साली अनुक्रमे टिमोलॉल व प्रोप्रॅनोलॉल यांच्या चाचण्यांतून दिसून आले होते. ती नाडी मंद करून हृदयाची प्राणवायूची गरज कमी करतात, म्हणजे मूळ रक्तन्यूनतेवरच उपाय करतात.

यावरून फ्लेकेनाईड सर्वथा त्याज्य ठरत नाही. हृदयाची रचना निर्दोष असलेल्या रुग्णांत अलिंदांच्या लयबिघाडावर ते आजही उपयुक्त आहे. झटका येऊन गेलेल्या रुग्णांत मात्र ते वर्ज्य मानले जाते.

समारोप

औषधाचा परिणाम केवळ त्याच्या रेणूवर अवलंबून नसतो, तर तो ज्या ऊतीवर होतो तिच्या स्थितीवरही असतो. तसेच, मोजता येणारी खूण सुधारणे आणि रुग्ण वाचणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. ज्ञानाच्या कोणत्याही शाखेत सोयीचा निर्देशांक हेच साध्य समजले जाते, तेथे या चाचणीचे स्मरण ठेवणे उचित ठरेल.