घराला जोडून एक खोली : बयाण्याआधी नकाशा पाहा

कर्वेनगर म्हणजे जुने हिंगणे बुद्रुक. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १९०० साली आपला अनाथ बालिकाश्रम या माळावर आणला. पुढे शिक्षणसंस्था वाढल्या, मुलींचे अभियांत्रिकी महाविद्यालय आले आणि भाड्याच्या खोल्यांना मागणी आली. त्यामुळे इथल्या जुन्या बंगल्यांच्या आणि रो-हाऊसच्या मागे, पार्किंगमध्ये किंवा गच्चीवर एखादी स्वतंत्र खोली हमखास दिसते. कोणी तिला आऊटहाऊस म्हणते, कोणी मागची खोली.

आपल्या घरांना अशी खोली मोलाची वाटते. अम्मी-अब्बांना जिना चढायला नको, लग्न झालेल्या मुलाला आपला दरवाजा वेगळा, नाहीतर महिन्याचे भाडे हप्त्याला हातभार. जाहिरातीतही 'घर आणि आऊटहाऊस' असेच लिहिलेले असते. पण ती खोली महापालिकेने मंजूर केलेल्या नकाशात आहे का, हे बयाणा देण्यापूर्वी विचारले पाहिजे. कर्ज, कर आणि पुढची विक्री या तिन्हींचे उत्तर त्यावर ठरते.

विक्रेता बहुधा मिळकतकराची पावती पुढे करतो. खोलीचा कर भरतो, म्हणजे ती कायदेशीर आहे, असा त्याचा दावा असतो. हा समज खरा नाही. महापालिका बेकायदा बांधकामावरही कर घेते, वर दंड म्हणून शास्तीकरही लावू शकते. तो भरल्याने बांधकाम नियमित होत नाही. पाहायचे ते मंजूर नकाशा आणि पूर्णत्वाचा दाखला. सोबत सूची क्रमांक दोन, मालमत्ता पत्रक किंवा सातबारा, आणि मागच्या तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट. इथल्या जुन्या कागदांवर गावाचे नाव 'हिंगणे बुद्रुक' असे असते, ते पाहून गोंधळू नये. गुंठेवारीतले घर असेल तर नियमितीकरणाचे प्रमाणपत्र मागावे. 'अर्ज केला आहे' एवढ्यावर विसंबू नये.

आता कर्जाचे पाहू. तयार घरासाठी कर्ज देताना बांधकाम मंजूर नकाशाप्रमाणे आहे, असे प्रतिज्ञापत्र बँकेने घ्यावे आणि आर्किटेक्टकडून खात्री करावी, अशी रिझर्व्ह बँकेची सूचना आहे. नकाशात नसलेल्या खोलीची किंमत बँक धरत नाही. कधी पूर्ण प्रकरणच नाकारते. हिशेबाच्या सोयीसाठी सौदा एक कोटीचा धरू. सगळे बांधकाम मंजूर असेल तर, ७५ लाखांपर्यंतच्या कर्जाच्या मर्यादेत, ७५ लाख मिळू शकतात. खोलीचे १५ लाख वगळून बँकेने किंमत ८५ लाख धरली, तर ८० टक्क्यांच्या मर्यादेने कर्ज ६८ लाख. म्हणजे सात लाख आपल्या खिशातून जास्त. मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च या कर्जात धरला जात नाही. पुणे महापालिका हद्दीत शुल्क ७ टक्के, नोंदणी १ टक्का पण कमाल ३०,००० रुपये. म्हणजे आणखी सात लाख तीस हजार हाताशी हवेत.

व्याजाच्या प्रश्नावर प्रत्येक घराची भूमिका वेगळी असते; तो विषय आपापल्या आलिमांशी बोलून ठरवावा. पण जे कर्ज न घेता साठवलेल्या पैशांतून आणि नातेवाइकांच्या कर्ज-ए-हसनातून घर घेतात, त्यांनी जास्त सावध राहावे. त्यांच्या सौद्यात बँकेचा वकील किंवा आर्किटेक्ट कागद तपासत नाही. ते काम स्वतःच्या पैशाने करून घ्यावे. त्याचा खर्च सौद्याच्या मानाने किरकोळ असतो. दुसरी गोष्ट, भावाकडून किंवा मामूंकडून घेतलेली रक्कमही २०,००० किंवा त्याहून जास्त असेल तर रोख घेऊ नये, बँकेतूनच घ्यावी. नाहीतर घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो. घराच्या व्यवहारातली रोख रक्कम घेणाऱ्या विक्रेत्यालाही हाच नियम आहे.

सौदा ५० लाख किंवा त्याहून जास्त असेल तर विक्रेत्याला पैसे देताना १ टक्का कर कापून सरकारकडे भरणे ही खरेदीदाराची जबाबदारी आहे. वारस परदेशात स्थायिक असतील आणि तेच विकत असतील, तर कपातीचा दर बराच जास्त असतो आणि ५० लाखांची मर्यादा लागत नाही. आधी सीएला विचारावे.

घरात राहायला गेल्यावर मिळकतकर. स्वतः राहणाऱ्यांना पुण्यात ४० टक्के सवलत आहे. ती मध्यंतरी बंद होऊन २०२३ मध्ये पुन्हा सुरू झाली. तिच्यासाठी पीटी-३ अर्ज भरावा लागतो. भाड्याने दिलेल्या भागाला ती सवलत नाही. भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असणे राज्यात बंधनकारक आहे. पोलिसांनाही भाडेकरूची माहिती द्यावी.

भाड्यावर प्राप्तिकरही असतो. महिना १२,००० भाडे म्हणजे वर्षाला १,४४,०००. त्यातून त्या भागाचा आपण भरलेला मिळकतकर वजा करून उरलेल्याची ३० टक्के सूट मिळते. कर्ज असेल तर त्या भागाच्या वाट्याचे व्याजही वजा होते. आपण राहतो त्या भागाच्या व्याजावर जुन्या करपद्धतीत दोन लाखांपर्यंत सूट आहे, नव्या पद्धतीत नाही. खोलीचे क्षेत्रफळ कागदावर वेगळे दिसत असेल तरच ही वाटणी नीट करता येते.

शेवटी नावाचा प्रश्न. खरेदी केवळ बाईच्या नावावर असेल तर मुद्रांक शुल्क १ टक्क्याने कमी, म्हणजे एक कोटीवर एक लाखाची बचत. पण नवऱ्याचे नाव सोबत घातले की सवलत गेली. आणि घर एकटीच्या नावावर म्हणजे मालकी तिचीच. तिच्या पश्चात मुले असतील तर नवऱ्याचा वाटा चौथा, बाकीचा इतर वारसांचा. मीरासच्या वाटणीआधी कर्ज फेडावे लागते, हेही लक्षात ठेवावे. अम्मींनी आपले दागिने विकून आऊटहाऊसपुरते पैसे दिले असतील, तर ते कर्ज, हिबा की मालकीतला हिस्सा, हे त्या हयात असतानाच लिहून ठेवावे. हे कागद नसले की भावंडांत वाद होतो आणि जिच्यासाठी खोली घेतली तीच त्यात अडकते.

आम्ही शिक्षक माणसे. पगार ठरलेला, चुकीला जागा कमी. म्हणून वाचक बंधुभगिनींना आमचे सांगणे एवढेच : खोलीचे माप घ्या, नकाशाची प्रत मागा, दोन्ही शेजारी ठेवून पाहा. जुळत नसेल तर खोलीची किंमत सौद्यातून वजा करा किंवा विक्रेत्याकडून आधी नियमित करून घ्या. बयाणा त्यानंतर.