नाताळची गॉस्पेल गीते : आवाहनाचे भाषिक स्वरूप

आफ्रिकी-अमेरिकन समाजातील नाताळच्या पारंपरिक भक्तिगीतांचे आयुष्य विलक्षण दीर्घ ठरले आहे. ज्या गुलामगिरीच्या छायेत ही परंपरा वाढली ती १८६५ साली कायद्याने संपुष्टात आली. तथापि ‘गो, टेल इट ऑन द माउंटन’ किंवा ‘मेरी हॅड अ बेबी’ ही गीते आजही दर डिसेंबरात गायिली जातात. या टिकाऊपणाचे कारण श्रद्धेच्या उत्कटतेत, स्वरांच्या माधुर्यात अथवा ध्वनिमुद्रिकांच्या प्रसारात शोधण्याची पद्धत आहे. ही कारणे खोटी नव्हेत, पण ती अपुरी आहेत. कारण उत्कट, मधुर व मुद्रित अशी कितीतरी गीते विस्मृतीत गेली आहेत. या गीतांचे आवाहन मुख्यतः त्यांच्या भाषिक घडणीत आहे, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात करावयाचे आहे. ही घडण ऐकणाऱ्याला केवळ श्रोता राहू देत नाही.

प्रथम दोन संज्ञांतील भेद ध्यानी घेणे अवश्य आहे. ‘स्पिरिच्युअल’ म्हणजे गुलामगिरीच्या काळात मौखिक परंपरेने घडलेले, बहुधा अज्ञातकर्तृक समूहगीत. ‘गॉस्पेल’ हा विसाव्या शतकातील नागर प्रकार होय. दक्षिणेकडील कृष्णवर्णीय कुटुंबे उत्तरेच्या औद्योगिक शहरांत स्थलांतरित झाली, त्या काळात शिकागो येथे टॉमस डॉर्सी (१८९९–१९९३) प्रभृतींनी त्यास रूप दिले. नाताळची जी गीते आज गॉस्पेल म्हणून ओळखली जातात, त्यांतील अनेक मुळात स्पिरिच्युअल आहेत. गॉस्पेल गायकांनी त्यांचा गाभा राखून गायनपद्धती तेवढी पालटली. हे शक्य का झाले, हाच आपला प्रश्न आहे.

या गीतांचे पहिले लक्षण म्हणजे पुकार व प्रतिसाद यांची रचना. एकाने ओळ म्हणावयाची व समुदायाने ठरलेला तुकडा परत द्यावयाचा. पोवाड्यातील शाहीर व झीलकरी यांचे नाते ज्यांना परिचित आहे, त्यांना ही पद्धत नवी वाटणार नाही. प्रतिसादाचा तुकडा अल्पाक्षरी व अपरिवर्तनीय असल्यामुळे निरक्षर माणूसही पहिल्याच फेरीत गाणाऱ्यांत सामील होऊ शकतो. ‘चिल्ड्रन, गो व्हेअर आय सेंड दी’ या गीतात तर संख्या एकेकाने वाढत जाते व प्रत्येक कडव्यात मागील सर्व उल्लेख पुन्हा म्हटले जातात. क्रमांक घालून म्हटल्या जाणाऱ्या जात्यावरील ओव्यांप्रमाणे येथेही संख्या ही स्मरणाची खुंटी आहे.

दुसरे लक्षण अर्थाच्या बाजूचे आहे. ‘मेरी हॅड अ बेबी’ हे गीत साउथ कॅरोलायनातील सेंट हेलेना बेटाशी निगडित आहे. त्यात मेरीला बाळ झाले हे सांगितल्यावर बाळाचे नाव काय ठेविले, त्याला कोठे निजविले, असे साधे प्रश्न येतात. हे प्रश्न वरवर पाहता बालबोध वाटतील. परंतु व्हर्जिनियात १६६२ साली झालेल्या कायद्यान्वये अपत्याचा दर्जा मातेच्या दर्जावरून ठरत असे, व हेच तत्त्व पुढे इतर वसाहतींतही रूढ झाले. गुलाम स्त्रीच्या पोटी जन्मलेले मूल जन्मतःच दुसऱ्याची मालमत्ता होई. अशा समाजात बाळाचे नाव विचारणे, त्याच्या अंथरुणाची चौकशी करणे, म्हणजे ते बाळ कोणाची वस्तू नसून कोणाचे तरी मूल आहे, असे म्हणणे होय. आपल्याकडील पाळण्यात देवाला बाळपण मिळते. येथे बाळाला माणूसपण मिळते.

याच गीताच्या ध्रुवपदात निघून गेलेल्या आगगाडीचा उल्लेख येतो. तेथे मुख्य क्रियापदापूर्वी ‘डन’ हा शब्द योजिलेला आहे. प्रमाण इंग्रजीच्या दृष्टीने ही चूक ठरेल. वस्तुतः क्रियेची पूर्णता दर्शविणारा तो नियमबद्ध प्रयोग आहे. मराठीत ‘गेली’ व ‘निघून गेली’ यांत जो भेद आहे, त्याच्याशी हा प्रयोग ताडून पाहण्यासारखा आहे. लॉरेन्झो टर्नर यांच्या १९४९ सालच्या ग्रंथाने याच किनारपट्टीवरील गला बोलीतील आफ्रिकी अंश सिद्ध केले. तेव्हापासून ही भाषा म्हणजे मोडकी इंग्रजी, हे मत शास्त्रीयदृष्ट्या टिकत नाही.

तिसरे लक्षण आज्ञार्थाचे. ख्रिस्तजन्माचे वृत्त भूतकाळात सांगितले जाते, पण ध्रुवपद आज्ञार्थी असते : जा, सांगा, ऊठ, मागे चल. घटना होऊन गेली. कर्तव्य मात्र गाणाऱ्याच्या वर्तमानात उभे राहते. शिवाय कोणास सांगावयाचे व काय सांगावयाचे, ही जागा बदलती राहू शकते. म्हणूनच १९६० च्या दशकातील नागरी हक्कांच्या चळवळीत फॅनी लू हेमर (१९१७–१९७७) यांनी ‘गो, टेल इट’ या गीतात मोशेने फारोपाशी केलेली मुक्ततेची मागणी गुंफली, तेव्हा गीताची चौकट मोडली नाही. नाताळचे गीत मताधिकाराच्या लढ्याचे गीत झाले.

ही घडण परक्या गीतालाही सामावून घेते. ‘सायलेंट नाइट’ हे मूळचे जर्मन गीत १८१८ साली ऑस्ट्रियातील ओबर्नडॉर्फ येथे प्रथम गायिले गेले. महालिया जॅक्सन (१९११–१९७२) यांनी ते अतिविलंबित लयीत, एकेका अक्षरावर स्वरांची वेलबुट्टी काढीत गायिले. त्यांच्या गायनात शब्द तेच राहिले, पण उच्चाराचा काळ पालटल्याने कथन हे ध्यान झाले. लँग्स्टन ह्यूज यांच्या ‘ब्लॅक नेटिव्हिटी’ या १९६१ सालच्या नाट्यकृतीत सबंध जन्मकथाच गॉस्पेल गायनाच्या आधारे उभी केलेली आहे.

यातून अभ्यासकांनी एक सावधगिरीची सूचना घ्यावयास हवी. १८६७ साली गुलामांच्या गीतांचा पहिला मोठा संग्रह प्रसिद्ध झाला, तेव्हा त्याच्या संपादकांनीच हे गायन कागदावर पुरते उतरत नसल्याचे नमूद केले होते. १८७१ पासून फिस्क विद्यापीठाच्या ज्युबिली गायकांनी आपल्या संस्थेसाठी निधी जमविताना ही गीते सभागृहांत नेली. त्यामुळे ती जगापुढे आली, पण पुकारणारा व्यासपीठावर गेला आणि प्रतिसाद देणारे खुर्च्यांवर बसले. छापील संहिता हातात घेऊन या गीतांना ‘साधी’ म्हणणे म्हणजे संवादातील एकाच व्यक्तीची वाक्ये वाचून संवाद रुक्ष ठरविणे होय. त्यांच्या शब्दांची संख्या थोडी आहे, कारण उरलेली जागा गाणाऱ्यांसाठी मोकळी ठेविलेली आहे. ती जागा भरणारा समाज जोवर आहे, तोवर ही गीते जुनी होण्याचे कारण नाही.