बंदूक जमा केली, मग गुरं कोण राखणार?

जठारपेठेतून बोलतोय. निवडणूक लागली की आमच्या काकांची बंदूक ठाण्यात जाते. ठासणीची आहे, पिकाच्या राखणीचं लायसन. कोणाची जमा करायची ते जिल्ह्याची छाननी समिती ठरवते. रोही-डुकरांनी हरभरा खाल्ला तरी काका निकालानंतर आठवडाभर थांबतात, मग पावती दाखवून परत आणतात. मेंढपाळाची लाठी मात्र १९५९ च्या शस्त्र कायद्यातच नाव घेऊन वगळलीय.

आपल्याकडं हे जमतं. काऊन? गुरं चोरीला गेली तर तक्रारीला ठाणं आहे. (हसू नका.)

युगांडातल्या करामोजात तसं नव्हतं. तिथं गुरं म्हणजेच बँक, लग्नात मुलीच्या घरी द्यायची ती पण गुरंच. राखणीला एके-४७. डिसेंबर २००१ मध्ये सरकार म्हणालं, आपणहून बंदुका द्या. काही जमातींनी दिल्या, शेजाऱ्यांनी ठेवल्या. सीमेपलीकडं केनियातल्या तुर्काना लोकांकडं तर होत्याच. ज्यांनी दिल्या, त्यांचीच गुरं लुटली गेली. मग त्यांनी परत बंदुका मिळवल्या. माझ्या मते यात त्यांची चूक नव्हती. राखणीची सोय आधी करायला हवी होती.

२००६ पासून लष्करानं वस्त्यांना वेढे घालून झडत्या घेतल्या, मारहाणीच्या तक्रारी झाल्या. गुरं छावणीजवळ कोंडली, तर चारापाणी पुरेना. पुढं काही वर्षं शांत गेली. २०२१ मध्ये मात्र बंदुका गोळा करायला लष्कर पुन्हा उतरलं.