सात दुपटींचं दही

वाटीभर, म्हणजे १०० ग्रॅम दह्यात जीव किती? योगर्टचं आंतरराष्ट्रीय मानक ग्रॅममागे किमान १ कोटी जिवाणू मागतं. घरच्या ताज्या दह्यात १० कोटी धरायला हरकत नाही. वाटीत झाले १००० कोटी. पृथ्वीवरची माणसं ८०० कोटींच्या थोडी वर. एकेक मायक्रॉनचे हे जीव ओळीने लावले तर रांग चर्चगेटहून दादरला पोचेल, आणि सगळ्यांचं मिळून वजन भरेल १० मिलिग्रॅम!

अर्धा लिटर दुधाला चमचाभर विरजण म्हणजे शंभराला एक. एकाचे शंभर व्हायला दुपटी सातसुद्धा लागत नाहीत. सातव्या दुपटीला १२८ होतात. रात्रभरात घडतं ते एवढंच. पण एकच जिवाणू दर ४० मिनिटांनी दुप्पट होत राहिला आणि त्याला काहीच कमी पडलं नाही, तर १३३व्या दुपटीला त्याचा गोतावळा पृथ्वीपेक्षा जड होईल. चार दिवस भरायच्या आत.

तसं होत नाही, कारण दुधातली बरीचशी साखर शिल्लक असतानाच स्वतः केलेल्या आंबटपणात त्यांची वाढ खुंटते. दही लागेपर्यंत वाटीत पाऊण ते एक ग्रॅम लॅक्टिक आम्ल तयार होतं. वरच्या हिशेबाने प्रत्येकाने आपल्या वजनाच्या ऐंशी-नव्वदपट आम्ल केलं. आठ तासांची सरासरी काढली तर सेकंदाला दोनेक कोटी रेणू. वाढ थांबली तरी हा उद्योग चालूच राहतो, म्हणून मे महिन्यात ओट्यावर विसरलेलं दही दुपारपर्यंत आंबट ढाण होतं.

उत्क्रांतीचा अभ्यास करणारे जीवशास्त्रज्ञ रिचर्ड लेन्स्की यांनी १९८८मध्ये अमेरिकेत असंच विरजण लावलं, फक्त ई. कोलाय जिवाणूंचं. बारा कुप्या, रोज प्रत्येकीतला शंभरावा भाग नव्या द्रवात. दिवसाला साडेसहाच्या वर पिढ्या. ७५,००० पिढ्या व्हायला तीन दशकांहून अधिक काळ गेला. माणसाची पिढी २५ वर्षांची धरली तर ही पावणेएकोणीस लाख वर्षं झाली. ज्या घरात विरजण रोज लागतं आणि कधी शेजारून मागून आणावं लागलेलं नाही, तिथेही तीसेक वर्षांत एवढ्याच पिढ्या होतात. फरक इतकाच, की लेन्स्कींच्या प्रयोगात दर ५०० पिढ्यांचा नमुना गोठवून ठेवतात. आपल्याकडे त्याची कढी होते.