आकाशातील डोळा : टेहळणी विमानांच्या रचनांचा तौलनिक विचार



ज्या शाळेत पाढे पाठ केले, त्याच शाळेत स्मृतिव्याख्यानासाठी उभे राहण्याचा मान आपण मला दिलात, याबद्दल मी कृतज्ञ आहे. ज्यांच्या स्मरणार्थ आपण आज जमलो आहोत, ते गुरुजी वर्गात कोणतेही यंत्र समजावून सांगताना शेवटी एक प्रश्न हमखास विचारीत : ‘हे मिळाले खरे, पण त्यासाठी काय सोडावे लागले?’ आजच्या विवेचनाला मी हाच प्रश्न आधाराला घेतला आहे.

विषय लष्करी असला तरी सदलग्याला तो परका नाही. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आहे आणि सैन्यात मुलगा असणे ही आपल्या भागात नवलाची गोष्ट नाही. १९९९ च्या मे महिन्यात कारगिलच्या डोंगरांत घुसखोर शिरल्याची पहिली खबर दिली ती एका मेंढपाळाने. युद्धानंतर के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखालील समितीने टेहळणीतील उणिवांवर बोट ठेवले आणि वैमानिकविरहित विमानांची निकड प्रतिपादली. आकाशातून जे दिसत नाही, ते पाहण्यासाठी जवानाला पायी जावे लागते. म्हणूनच या विमानांच्या रचनेचा विचार हा केवळ तंत्रज्ञांचा विषय राहत नाही.

पंख की पंखे?

दूधगंगेच्या काठी आपण दोन पक्षी नेहमी पाहतो. घार पंख न हलविता उसाच्या फडावर तासन् तास घिरट्या घालते. कवड्या धीवर मात्र पाण्यावर एकाच जागी फडफडत स्थिर राहतो आणि थोड्याच वेळात थकून फांदीवर बसतो. टेहळणी विमानांच्या दोन मुख्य जाती नेमक्या याच आहेत.

पंखांच्या विमानाला हवाच उचलून धरते. इंजिनाने त्याला फक्त पुढे ढकलत राहायचे असते. चार पंख्यांच्या यंत्राला मात्र स्वतःचे सारे वजन क्षणोक्षणी मोटारींच्या बळावर तोलावे लागते. मुंबईच्या आय.आय.टी.तील तरुणांनी २००७ मध्ये स्थापन केलेल्या आयडियाफोर्ज या संस्थेने पुण्याजवळच्या दिघी येथील संरक्षण संशोधन प्रयोगशाळेच्या सहकार्याने ‘नेत्र’ हे असे यंत्र तयार केले. वजन सुमारे दीड किलो, उड्डाणकाल सुमारे अर्धा तास. गच्चीवरून उडवावे, खिडकीसमोर स्थिर करावे; पण अर्ध्या तासात बॅटरी संपते.

याच संस्थेच्या ‘स्विच’ या विमानाने दोन्ही गुणांची सांगड घातली. ते पंख्यांच्या बळावर सरळ वर चढते आणि मग पंखांवर पुढे जाते. सुमारे साडेसहा किलो वजनाचे हे यंत्र दोन तास हवेत राहते. जानेवारी २०२१ मध्ये भारतीय लष्कराने ते घेण्याचा करार केला. अर्थात येथेही गुरुजींचा प्रश्न उरतोच. उभ्या चढाईसाठी बसविलेल्या मोटारी पुढच्या सरळ उड्डाणात निव्वळ ओझे होऊन बसतात. डोंगरात धावपट्टी नसते, म्हणून ते ओझे स्वीकारले जाते.

चाक की छत्री?

विमान उतरावे कसे, हा यापुढचा प्रश्न. बंगळूरच्या वैमानिकी विकास आस्थापनेने ‘निशांत’ हे सुमारे ३८० किलो वजनाचे विमान घडविले. ट्रकवर बसविलेल्या रुळावरून ते वेगाने फेकले जाई आणि काम संपल्यावर हवाई छत्रीने खाली येई. त्याला धावपट्टी लागत नसे, हा रणभूमीवर मोठाच लाभ. मात्र छत्री आणि जमिनीचा आघात झेलणाऱ्या हवेच्या पिशव्या हे सारे सामान प्रत्येक उड्डाणात वाहून न्यावे लागे, आणि तितके इंधन कमी होई. उड्डाणकाल सुमारे साडेचार तासांचा होता. लष्कराला मिळालेली चारही निशांत २०१५ पर्यंत अपघातांत नष्ट झाली आणि पुढील खरेदी थांबविण्यात आली.

त्याच विमानाला चाके लावून ‘पंछी’ ही दुसरी आवृत्ती सिद्ध झाली. डिसेंबर २०१४ मध्ये तिने पहिले उड्डाण केले. छत्री व पिशव्या गेल्या, वजन घटले, हवेत राहण्याची क्षमता वाढली; पण लहानशी का होईना, धावपट्टी आवश्यक ठरली. सांगाडा एकच, पण उतरण्याची रीत बदलताच विमानाचा स्वभावच बदलला. रचनाभेद म्हणजे काय, हे शिकविण्यास याहून सोपे उदाहरण मला ठाऊक नाही.

उंची आणि वजन

सीमेवर दिवसरात्र लक्ष ठेवायचे, तर उंचावर दीर्घकाळ राहणारे विमान हवे. इस्रायलचे ‘हेरॉन’ आपल्या सेनादलांनी याच कामासाठी घेतले. त्याचे एकमेव इंजिन पाठीमागे असते. त्यामुळे नाकाकडचा भाग कॅमेऱ्यांसाठी मोकळा राहतो. शेपटी दोन लांब दांड्यांवर पेललेली आणि पंखांचा विस्तार सुमारे साडेसोळा मीटर. पूर्ण भारासह वजन सुमारे साडेअकराशे किलो, आणि निर्मात्यांच्या आकड्यांनुसार ते ४० तासांहून अधिक काळ उडू शकते.

आपला ‘रुस्तुम’ वेगळ्या वाटेने आला. राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेत १९८०च्या दशकात प्रा. रुस्तुम दमानिया यांच्या नेतृत्वाखाली एक हलके विमान घडविण्यात आले होते. त्याची आडवी छोटी पंखजोडी शेपटीऐवजी पुढे होती. त्या विमानावरून ‘रुस्तुम-१’ साकारले आणि प्राध्यापकांचेच नाव त्याला मिळाले. १६ नोव्हेंबर २००९ रोजी होसूर येथील पहिल्या चाचणीत उंचीचा अंदाज चुकला, जमिनीवरून इंजिन बंद करण्याची आज्ञा गेली आणि विमान कोसळले. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर २०१० मध्ये, ते यशस्वीपणे उडाले.

‘रुस्तुम-२’ अर्थात ‘तपस’ हे त्याहून कितीतरी मोठे. पंखविस्तार सुमारे २० मीटर, आणि पंखांवर दोन इंजिने. आपल्याच राज्यातील चित्रदुर्ग जिल्ह्यात चळ्ळकेरे येथे १५ नोव्हेंबर २०१६ रोजी ते प्रथम उडाले. अपेक्षा होती ३०,००० फूट उंचीची आणि २४ तासांच्या उड्डाणाची. प्रत्यक्षात २८,००० फूट आणि १८ तासांपर्यंत मजल गेली. विमान नियोजनापेक्षा जड झाले होते. वजनाचे गणित सावकारी व्याजासारखे असते : उपकरण वाढले की सांगाडा भक्कम हवा, सांगाडा वाढला की इंजिन मोठे हवे, इंजिन मोठे झाले की इंधन अधिक हवे, आणि ते इंधन पुन्हा वजनच वाढविते. जानेवारी २०२४ मध्ये हा प्रकल्प अग्रक्रमाच्या यादीतून वगळल्याचे वृत्त आले.

समारोप

मित्रहो, यांतील श्रेष्ठ कोणते, असे मला नेहमी विचारतात. प्रश्नच अपुरा आहे. खिडकीसमोर स्थिर राहायचे तेथे हेरॉन निरुपयोगी, आणि शेकडो मैलांच्या सीमेवर नेत्र दुबळे. पाहायचे काय, किती वेळ, आणि उतरायचे कोठे, ही तीन उत्तरे आधी निश्चित झाली की रचना जवळजवळ आपोआप ठरते. ती निश्चित न करता सारेच गुण एका यंत्रात मागितले, तर वजनाचे व्याज चुकविता चुकविता यंत्र थकते.

तपस अपेक्षेला उतरले नाही, म्हणून त्यावरील श्रम वाया गेले असे मी मानत नाही. मात्र सहा तास आणि दोन हजार फूट कमी पडले, हे स्वच्छ शब्दांत सांगितले पाहिजे. ज्या तासांत आकाशातील डोळा मिटलेला असतो, त्या तासांत बर्फात कोणाचा तरी मुलगा पहाऱ्यावर उभा असतो. उद्या आपल्यापैकी कोणी असे यंत्र घडवील, तेव्हा गुरुजींचा प्रश्न त्याने स्वतःला आधी विचारावा, एवढीच अपेक्षा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.